कोरोनाचा संसर्ग आणि पचनसंस्था : उज्जैनच्या अनुभवातून काही धडे

क्षिप्रा नदीच्या काठी वसलेली उज्जैन नगरी मराठी माणसाला परकी नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांच्या कारकीर्दीत त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी दौलतराव शिंदे यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरला हलविले, तोवर शिंद्यांच्या दौलतीचे मुख्य केंद्र उज्जैन हेच होते. आजही तेथे मराठी घराणी नांदत आहेत. महाकालाच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातील गावोगावचे यात्रेकरू तेथे जातात आणि दर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थात क्षिप्रेच्या घाटांवर लाखोंचा समुदाय लोटतो.

अशा या नगरीवर २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाचे सावट पडले. महाकालेश्वराचे मंदिर भाविकांसाठी बंद करावे लागले. २५ मार्च २०२० रोजी उज्जैनच्या एका वृद्ध महिलेचे इंदूर येथील रुग्णालयात निधन झाले. मध्य प्रदेशात कोरोनाने घेतलेला हा पहिला बळी होय. त्यानंतरच्या दोन महिन्यांत उज्जैनमधील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण देशातील अनेक शहरांपेक्षा अधिक राहिले.

त्या काळात खोकला, ताप आणि धाप या तीन लक्षणांचा प्रचार घरोघरी झाला, आणि तो आवश्यकच होता. परंतु हा विषाणू केवळ फुफ्फुसावरच आघात करतो असे नाही. अनेक रुग्णांत त्याची पहिली चाहूल पोटात लागते, ही गोष्ट तितकीशी सर्वांपर्यंत पोहोचली नाही. 'काल लग्नात जेवलो, पोट बिघडले असेल' किंवा 'ऊन लागले असेल' असे म्हणून जो मनुष्य चारचौघांत वावरतो, तो नकळत आपल्या घरच्यांना धोक्यात घालतो. म्हणून कोरोना आणि पचनसंस्था यांचा संबंध नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

विषाणू आतड्यात कसा शिरतो?

कोणत्याही विषाणूला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही. त्याला सजीव पेशीत शिरावे लागते आणि पेशीत शिरण्यासाठी तिच्या पृष्ठभागावर त्याला योग्य असे दार सापडावे लागते. कुलपाला जशी ठरावीक किल्लीच लागते, तसाच हा प्रकार आहे. कोरोना विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिने असतात. मुकुटासारख्या या रूपावरूनच १९६८ मध्ये या विषाणूंच्या कुळाला कोरोना हे नाव मिळाले. हे काटेरी प्रथिन म्हणजे किल्ली. मानवी पेशीवरील 'एसीई-२' नावाचे प्रथिन म्हणजे कुलूप.

हे कुलूप फुफ्फुसातील पेशींवर असते, तसेच लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींवरही असते, आणि तेथे तर ते विपुल प्रमाणात आढळते. पचलेले अन्न शोषून घेण्याचे काम याच पेशी करतात. २०२० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी प्रयोगशाळेत मानवी आतड्याच्या पेशींचे लहान लहान गोळे वाढवून त्यांना या विषाणूचा संसर्ग घडविला, तेव्हा विषाणू त्या पेशींत शिरतो व वाढतो असे स्पष्ट दिसून आले.

जठरातील आम्ल बहुतेक जंतूंचा नाश करते. परंतु घशातील चिकट कफ किंवा अन्न यांच्या आवरणाखाली काही विषाणू त्यातून निसटून आतड्यापर्यंत पोहोचत असावेत, असे तज्ज्ञांचे मत आहे.

जुलाब का होतात?

निरोगी माणसाच्या आतड्यात दररोज कित्येक लिटर द्रव येतो. त्यात प्यालेले पाणी असते, तशीच लाळ, जठररस, पित्त व स्वादुपिंडाचा रसही असतो. त्यातील बहुतेक सर्व द्रव आतडे परत शोषून घेते आणि शौचावाटे फारच थोडे पाणी बाहेर पडते. आतड्याच्या अस्तराला सूज आली अथवा तेथील पेशींना इजा झाली की शोषणाचे हे काम बिघडते. न शोषलेले पाणी व क्षार शौचावाटे वाहून जातात. यालाच आपण जुलाब किंवा अतिसार म्हणतो.

याखेरीज आणखी तीन कारणे संभवतात. पहिले असे की, शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूशी झुंजत असताना जी दाहक द्रव्ये निर्माण होतात, त्यांचा परिणाम आतड्यावरही होतो. दुसरे असे की, आतड्यात वास करणाऱ्या उपयुक्त जिवाणूंचा समतोल ढळतो. हाँगकाँग येथील संशोधकांना कोरोनाच्या रुग्णांत काही हितकारक जिवाणूंची संख्या घटलेली आढळली. तिसरे कारण म्हणजे औषधे. काही प्रतिजैविकांनी स्वतःहूनच जुलाब लागतात. म्हणजे रोगाने जितके पोट बिघडते, त्यात कधी कधी अनावश्यक औषधांची भर पडते.

कोणती लक्षणे दिसतात?

भूक मंदावणे, मळमळ, ओकारी, जुलाब आणि पोटात दुखणे ही प्रमुख लक्षणे होत. चव आणि वास जाणे हेही या रोगाचे परिचित लक्षण होते. अन्नाला चवच लागेनाशी झाल्यामुळे रुग्णाचे जेवण तुटते आणि अशक्तपणा वाढतो. यकृतावरही काही प्रमाणात परिणाम होतो. रक्त तपासले असता यकृताच्या विकारात वाढणारी द्रव्ये अनेक रुग्णांत वाढलेली दिसतात. बहुतेकांत ती पुढे आपोआप पूर्ववत होतात.

ही लक्षणे किती जणांत आढळतात? साथीच्या आरंभी चीनमधील १,०९९ रुग्णांच्या अभ्यासात जुलाबाचे प्रमाण शेकडा ४ च्या आसपास आणि मळमळ वा ओकारीचे शेकडा ५ इतके होते. पुढे ६० निरनिराळ्या अभ्यासांतील ४,२४३ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली असता, पचनसंस्थेची कोणती ना कोणती तक्रार सुमारे शेकडा १८ रुग्णांत असल्याचे दिसले. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये आढळलेल्या पहिल्याच रुग्णाला मळमळ व ओकाऱ्यांचा त्रास होता, रुग्णालयात त्याला जुलाबही झाले आणि त्याच्या शौचाच्या नमुन्यात विषाणूचा अंश सापडला.

लहान मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहावयास हवे. कोरोना होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी थोड्या मुलांत सर्व शरीरास सूज आणणारा एक गंभीर विकार उद्भवतो. तीव्र ताप, पोटात जोराचे दुखणे, ओकाऱ्या, जुलाब, अंगावर पुरळ व डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे होत. हा विकार विरळा असला तरी त्यात हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून घरात नुकताच कोरोना होऊन गेला असेल, तर मुलाच्या पोटदुखीची ती हकीकत डॉक्टरांना अवश्य सांगावी.

शौचावाटे विषाणू पसरतो काय?

वर उल्लेखिलेल्या एकत्रित अभ्यासात ज्यांचे शौचाचे नमुने तपासले, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांत विषाणूचा जनुकीय अंश सापडला. नाका-घशाची तपासणी निर्दोष ठरल्यानंतरही अनेकांच्या शौचात तो काही दिवस आढळत राहिला. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. विषाणूचा अंश सापडणे ही एक गोष्ट आणि जिवंत, संसर्गक्षम विषाणू सापडणे ही दुसरी. शौचातून जिवंत विषाणू क्वचितच मिळाला आहे. कोरोनाचा मुख्य प्रसार श्वासावाटे, शिंक, खोकला व बोलण्यातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांमधूनच होतो. पिण्याच्या पाण्यातून पटकी जशी पसरते, तसा कोरोना पसरत नाही.

तथापि निष्काळजीपणाला वाव नाही. याच कुळातील 'सार्स' या रोगाची साथ २००३ मध्ये आली होती. त्या वेळी हाँगकाँगमधील ॲमॉय गार्डन्स या इमारतींच्या समूहात तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. त्यांपैकी अनेकांना जुलाब होत होते आणि शौचालयांच्या सदोष नळांतून विषाणूयुक्त तुषार घराघरांत शिरल्याचा निष्कर्ष तपासाअंती निघाला.

शौचातील या विषाणू-अंशांचा एक उपयोगही झाला. मे २०२० मध्ये अहमदाबाद येथील मैलापाण्यात गांधीनगरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ते शोधून काढले. पुढे पुण्यातही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अशा तपासणीचे काम केले. एखाद्या शहराच्या सांडपाण्यात विषाणूचे प्रमाण वाढू लागले की साथ येत असल्याची सूचना आधीच मिळते. माणसामाणसाची तपासणी न करता संपूर्ण वस्तीच्या प्रकृतीचा अंदाज घेण्याचा हा मार्ग आहे.

गोठ्यातील जुनी ओळख

कोरोना हे नाव बहुतेकांनी २०२० सालीच ऐकले. परंतु पशुवैद्यकांना हे कुळ फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वासरांना जी हगवण लागते, तिच्या कारणांपैकी एक कारण गोवंशातील कोरोना विषाणू हे आहे. डुकरांच्या पिलांना होणाऱ्या एका जीवघेण्या हगवणीचे वर्णन १९४६ मध्येच अमेरिकेत झाले होते. तिचे कारणही याच कुळातील विषाणू. हे विषाणू वेगळे आणि माणसांत साथ आणणारा विषाणू वेगळा, हे खरे. पण आतडे हे या कुळाचे जुने वसतिस्थान आहे, एवढे यावरून उमजते. हगवण लागलेल्या वासराला शेतकरी जसे वेळेवर पाणी व क्षार पाजतो, तीच जागरूकता घरच्या माणसाबाबतही हवी.

उपचाराचे मुख्य सूत्र : जलसंजीवनी

कोरोनामुळे होणारे जुलाब बहुधा सौम्य असतात आणि काही दिवसांत थांबतात. खरा धोका असतो तो शरीरातील पाणी व क्षार कमी होण्याचा. ताप, घाम, ओकारी आणि तुटलेले जेवण यांत जुलाबाची भर पडली की वृद्ध माणूस व लहान मूल झपाट्याने निर्जल होते.

यावर जलसंजीवनीसारखा उपाय नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर व क्षार यांचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांकरवी तोंडाने पाजविले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्याही खाली उतरले. यामागील तत्त्व सोपे आहे. आतड्यात साखर व मीठ जोडीने शोषले जातात आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी ओढले जाते. नुसत्या पाण्याने हे साधत नाही आणि फार गोड पेयाने तर जुलाब वाढण्याचा संभव असतो.

जलसंजीवनीची पुडी प्राथमिक आरोग्य केंद्रात व आशा कार्यकर्तीकडे मिळते. पुडीवर जितके पाणी लिहिलेले असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात ती पूर्ण विरघळवावी आणि केलेले द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर आणि मोठ्या माणसास हवे तितके द्यावे. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे व मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा घालून तात्पुरते काम भागवावे. मुलांना याच्या जोडीला जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस देण्यात येतात. त्याचे प्रमाण आरोग्यसेविकेकडून समजून घ्यावे. अंगावरचे दूध तोडू नये. भाताची पेज, मुगाच्या डाळीचे वरण, ताक, मऊ भात, केळे असा हलका आहार चालू ठेवावा. उपाशी ठेवल्याने आतडे बरे होत नाही.

उज्जैनच्या ८४३ चिठ्ठ्या

जलसंजीवनी इतकी स्वस्त व गुणकारी असूनही ती योग्य रीतीने दिली जाते काय, याचे उत्तर उज्जैनमध्येच मिळते. तेथील आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आणि स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्था यांच्या संशोधकांनी, जुलाब झालेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मिळालेल्या औषधांच्या ८४३ चिठ्ठ्या तपासल्या. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शेकडा ७१ चिठ्ठ्यांत प्रतिजैविके लिहिलेली होती. अधिकृत मार्गदर्शनाप्रमाणे केवळ जलसंजीवनी व जस्त सुचविणाऱ्या चिठ्ठ्या निघाल्या अवघ्या सहा.

हे चित्र कोरोनाच्या किती तरी आधीचे आहे. परंतु साथीच्या काळात ही सवय सर्व देशभर अधिकच बळावली. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. ॲझिथ्रोमायसिन हे औषध त्या काळी सर्रास घेतले गेले. ब्रिटनमधील हजारो रुग्णांवरील चाचणीत त्याचा कोरोनावर उपयोग होत नाही असे सिद्ध झाले. मात्र त्याने पोट बिघडते, हा अनुभव पुष्कळांनी घेतला. अनावश्यक औषधांचा शेवट पोटातच होतो असेही नाही. त्यांचे अंश सांडपाण्यातून नदीत जातात. उज्जैनच्याच संशोधकांना क्षिप्रेच्या पाण्यात प्रतिजैविकाचे अंश आणि त्या औषधांना दाद न देणारे जिवाणू आढळले आहेत. ज्या नदीत स्नान करून पुण्य जोडावयाचे, तिच्यातच हे नवे संकट साठत आहे. तेव्हा जुलाबावर औषध मागताना 'जोराची गोळी द्या' असा आग्रह रुग्णाने धरू नये आणि औषधविक्रेत्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती देऊ नये.

बरे झाल्यानंतर

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. रोग मात्र नाहीसा झालेला नाही आणि त्याचे मागे रेंगाळणारे परिणामही संपलेले नाहीत. अमेरिकेतील दीड लाखाहून अधिक कोरोनाग्रस्त निवृत्त सैनिकांच्या पाहणीत, पुढील वर्षभरात आम्लपित्त, बद्धकोष्ठ, जुलाब, पोटदुखी अशा पचनविकारांचा धोका इतरांपेक्षा सुमारे शेकडा ३६ ने अधिक असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या एका अभ्यासात शेकडा ४ च्या आसपास रुग्णांच्या शौचात सात महिन्यांनंतरही विषाणूचे अंश सापडले.

म्हणून कोरोना होऊन गेल्यावर पोटाची तक्रार दीर्घकाळ टिकली तर ती 'मनाची समजूत' म्हणून हसण्यावारी नेऊ नये. त्याचप्रमाणे प्रत्येक पोटदुखीचे खापर कोरोनावरही फोडू नये. वजन घटणे, शौचावाटे रक्त जाणे, कावीळ, गिळताना अडथळा येणे ही लक्षणे असतील तर कारण दुसरे असू शकते आणि त्याची तपासणी लांबणीवर टाकणे घातक ठरते.

केव्हा विलंब करू नये?

पुढील चिन्हे दिसताच रुग्णास तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे : सहा ते आठ तास लघवी न होणे; जीभ कोरडी पडणे व डोळे खोल जाणे; मूल सुस्त होणे किंवा पाणी पिण्यासही असमर्थ ठरणे; पोटात येणारे पाणीही न टिकणे; शौचात रक्त दिसणे; पोटात असह्य कळा येणे; धाप लागणे किंवा शुद्ध हरपू लागणे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार वा हृदयविकार असलेल्यांनी याहूनही आधी सल्ला घ्यावा.

शाळा, ग्रामपंचायत आणि यात्रा

शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, शौचालय वापरल्यावर पुरेसे पाणी ओतून झाकण लावणे, आजाऱ्याचे शौचालय शक्य तर वेगळे ठेवणे किंवा वापरानंतर जंतुनाशकाने धुणे, या साध्या सवयी होत. त्यांचा लाभ कोरोनापुरता मर्यादित नाही. पटकी, विषमज्वर, कावीळ या साऱ्यांवर तो एकच उतारा आहे. शिक्षकांनी वर्गात जलसंजीवनी प्रत्यक्ष करून दाखवावी. मुलाने घरी जाऊन आईला व आजीला ती करून दाखविली, तर त्या एका पाठाचे सार्थक झाले. ग्रामसेवकांनी शौचालयांच्या नळांची गळती व सांडपाण्याची वाट यांकडे लक्ष पुरवावे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आणि त्यापाठोपाठ २०२८ मध्ये उज्जैनचा सिंहस्थ असे दोन महामेळावे जवळजवळ येत आहेत. महाराष्ट्रातून असंख्य भाविक दोन्हीकडे जातील. यात्रेला निघताना शिदोरीबरोबर जलसंजीवनीच्या चार पुड्या व साबणाची वडी जवळ असावी. ताप, खोकला किंवा जुलाब असेल तर गर्दीत जाण्याचा मोह टाळावा. २०२० व २०२१ या दोन वर्षी पंढरीची पायी वारीसुद्धा थांबली आणि संतांच्या पादुका मोजक्या मंडळींसह वाहनातून नेण्यात आल्या. लक्षावधी वारकऱ्यांनी घरी राहून आपली निष्ठा राखली. स्वतःच्या आजारातून दुसऱ्याला अपाय होऊ न देणे हीसुद्धा सेवाच आहे, हे त्यांनी आचरणाने दाखवून दिले. पोटाची साधी वाटणारी तक्रार वेळीच ओळखणे आणि जलसंजीवनीचा पेला वेळीच हाती देणे, एवढे जरी प्रत्येक घराने केले तरी या साथीने शिकविलेला धडा वाया गेला असे होणार नाही.